हरकत नाही

पालवणे खाडी, मराठी शाळा, सातवीचा वर्ग.
प्रदूषण मंडळाची सुनावणी अकराची,
सुरू झाली साडेबाराला,
साहेबांची गाडी घाटात तापली म्हणून.
मी लिपिक. टेबल फळ्याखाली,
फळ्यावर कालचं काळ-काम-वेग अर्धवट पुसलेलं.
वीज नव्हती, तेव्हा हातानेच लिहायचं,
तीन प्रती, मध्ये कार्बन.

मसुदा असा :
कारखान्यांचा कोळशाचा धूर पाच वर्षांत निम्म्यावर,
न आणल्यास परवाना रद्द.
त्यावर जनतेच्या हरकती मागवल्या होत्या.
तक्त्यात रकाने तीनच,
अनुक्रमांक, नाव, हरकतीचा तपशील.

पहिल्या उठल्या जैनब होडेकर,
थेट बाजाराच्या ओट्यावरून, मनगटाला खवले तसेच.
म्हणाल्या, लिही, आमची हरकत नाही.
मी पेन उचललं. बाई, हरकत नसेल तर लिहू काय?
नाही, तर नाही लिही.
चार मैल चालत आले ती काय गप बसायला?

मग धाकू भुवड.
औंदा मोहोर तीनदा आला,
तिसऱ्याने पहिल्याची कणी गाळली.
झाड गोंधळलंय, एवढंच घाल.

द्वारका पेडणेकरांना खुर्ची दिली, बसल्या नाहीत.
खाजणाचा बांध माझ्या सासऱ्यांच्या हातचा.
उधाण यायचं, बांधाला शिवायचं, मागे फिरायचं.
आता चुलीपर्यंत येतं, विचारत नाही.
दर्याला मर्यादा असते म्हणायचे. होती.
तो पाळत होता बिचारा.
ज्यांना कधी नव्हतीच, त्यांना घाला.

कंपनीच्या माणसाने बिस्किटं वाटली
आणि रोजगार हा शब्द सहा वेळा उच्चारला.
बिस्किटं संपली.

मागच्या बाकावरून दीपेश गोताड,
निळा गणवेश, डोळ्यांत रात्रपाळी.
बॉयलर मी पेटवतो. कोळसा किती जातो
ते रजिस्टरला माहीत नाही, मला आहे.
नोकरीची भीती वाटते. हो, तेही लिहा.
गाडीचे चौदा हप्ते राहिलेत.
तरी हरकत नाही.
वर्गात कोणी खोकलंसुद्धा नाही.

शेवटी म्हातारे शरफुद्दीन तांडेल :
माझी आहे हरकत.
साहेब सावरून बसले, दिवसातली पहिली.
निम्मंच का?
होडीला भोक पडलं तर
निम्मं बुजवून दर्यात जाता काय तुम्ही?

चारला मोजदाद. दोनशे अकरा.
नमुन्यात खाली छापलेलं, 'प्राप्त हरकती', पुढे टिंबं.
मी म्हटलं, साहेब,
वर वाचतील, अख्खं गाव विरोधात गेलं.
नमुना ठरलेला आहे, म्हणाले,
सही केली, आणि उन्हं उतरायच्या आत घाट गाठायला निघाले.

बाकाखाली कुणा पोराची पट्टी सापडली, टोकाला चावलेली.
तक्त्याच्या उजवीकडे उभी रेघ मारली. वाकडी आली.
मथळा सुचेना.
'समर्थन' लिहिलं, खोडलं,
दिवसभरात तो शब्द कुणाच्या तोंडी आलाच नव्हता.
मग त्यांचंच लिहिलं, 'हरकत नाही',
आणि एकेक नाव तिकडे नेलं.
तांडेलांचं मात्र ठेवलं जागच्या जागी.

दोनशे बारावा अनुक्रमांक टाकला.
नावाची जागा कोरी, सेवानियम आहेत.
तपशील दाबून लिहिला, बोट दुखेपर्यंत,
दोन्ही कार्बनांतून
तिसऱ्या प्रतीवर उठावा म्हणून.