सहानंतरचे सात

फोन केला तेव्हा पहाटेचे तीन वाजून दहा.
वॉर्ड बावीस, बेड बारा, बिल्किस तांबोळी,
शुगर वाढलीय, सर.
पलीकडे लिफ्टचं दार आपटत होतं,
डॉक्टर केंद्रे छत्तीस तास उभे,
जिभेवर झोपेचा थर.
ते म्हणाले सात.
मी लिहिलं साठ.

त आणि ठ यांच्यामध्ये
जीभ फारतर बोटभर मागे सरकते.

विचारावंसं वाटलं होतं.
पण परवाच राउंडला, सगळ्यांदेखत:
सिस्टर, कान घरी ठेवून येता का?
तेव्हापासून एकदाच ऐकायचं
आणि होला हो.

सिरिंज चाळीसची. भरली.
उरलेल्या विसांसाठी दुसरी फोडली.
कागद टरकला
आणि फिनेलच्या बादलीपाशी
यमुनाताई गमरे थबकल्या.
एकोणीस वर्षं त्या ह्याच लाद्या पुसतायत.
"बाई, एकीलाच दोन?"
आणि लगेच, पोछा पिळत,
"मला काय कळतंय म्हणा."

पुन्हा नंबर लावला. बोट थरथरत होतं.
सर, आठाच्या आधीचे, की एकसष्टच्या?
काय?
युनिट, सर. किती?

परळच्या पुलावरून एक ट्रक
सबंध जाईपर्यंत कुणी बोललं नाही.
मग खडबडून जागा झालेला आवाज:
सात. सहानंतरचे सात.
थांबा, मी खाली येतो.

सकाळी रिपोर्ट दिला.
अकराचं सलाईन चालू, बाराची शुगर उतरली,
तेरा आज घरी.
जे घडलंच नाही
त्याला रजिस्टरात रकाना नसतो.
मी समासात लिहिलं, पेनानं, खोडता येऊ नये असं:
सात/साठ. पुन्हा विचारलं.
विचारायला लावलं, य. गमरे, सफाई.

इन्चार्जबाईंनी वाचलं, चष्मा पुसला,
परत वाचलं.
म्हणाल्या, उद्यापासून आकडा सुटा सुटा बोलायचा.
डॉक्टरांनीसुद्धा.
केंद्रे मान खाली घालून उभे होते,
चपला उलटसुलट.

आता नव्या मुली मला पुन्हाबाई म्हणतात.
म्हणोत.

बारा नंबरनं त्या दिवशी
चहा बिनसाखरेचा दिला म्हणून
अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला.
ड्युटी संपली होती, तरी
पर्स खांद्याला लावून मी दारात थांबले,
तिची एकेक शिवी
नीट ऐकून घेतली.