करेक्शन

निनाद ओक गाडी घेऊन आला तेव्हा
भोसरीत सकाळचे सव्वादहा,
शेडच्या पत्र्याखाली चौतीस अंश.
हातात वाघोलीचा कागद होता,
प्लास्टिकच्या पिशवीत, लग्नपत्रिकेसारखा:
एकशे त्रेचाळीस घोडे.

मी पट्टे आवळले, टायरमधली हवा बघितली,
रेडिएटरपुढे पंखा ओढला,
आणि चौथ्या गिअरमध्ये पळवली गाडी
जागच्या जागी.
भिंतीवरचं कॅलेंडर उडालं.
चहावाला कानात बोटं घालून दारातच थांबला.
रेघ चढली, वाकली, उतरली:
एकशे अठ्ठावीस.

"पुन्हा करा."
पुन्हा: एकशे सव्वीस. इंजिन तापलेलं.
"पंधरा घोडे गेले कुठे?"
असं विचारलं त्यानं, जणू मीच ते
मागच्या दारानं सोडून दिलेत
नाशिक रस्त्याकडे,
रसवंतीच्या चिपाडांवर चरायला.

काय सांगणार.
वाघोलीचा रोलर हलका, आमचा जड.
तिथला पट्टा सैल, इथला घट्ट.
तिथं संध्याकाळ होती, इथं पत्रा आहे.
आणि पुणं समुद्रापासून साडेपाचशे मीटर वर,
हवा जरा कंजूष;
मशीन विचारतं, हिशेब कुठल्या हवेचा धरू?
त्यासाठी पडद्यावर एक बारकासा चौकोन,
त्यात एक पूर्णांक शून्य सहा.
त्यानं गुणलं, की गाडी
कागदावर समुद्रकाठी जाऊन उभी राहते.

एवढं सांगितलं.
हे नाही सांगितलं, की वाघोलीचं ते मशीन
तीन वर्षं मीच चालवलंय.
बोत्रे शेठ मागे येऊन हळूच म्हणायचे,
"पोरगं बावधनहून आलंय,
दीड लाख घातलेत एक्झॉस्टात. रडवतोस काय?"
आणि मी चौकोनात दहा पैसे वाढवायचो.
लोक पेढे आणायचे. खरंच आणायचे.
एकानं तर मशीनला हार घातला होता,
झेंडूचा, रोलरमध्ये अडकला.

तांबोळी मास्तरांकडे मी हे काम शिकलो,
पिंपरीच्या टेस्ट शेडमधून रिटायर, डाव्या कानानं बहिरे.
ते म्हणायचे, आकडा गाडीचा नसतो रे,
भेटीचा असतो.
या गाडीची, या रोलरशी, या दुपारी.
पटायचं.
पगार मात्र गाडीच्या आकड्यावर व्हायचा.

निनाद वाकून टायर बघत होता.
पोराला मार्क कमी पडले
की आधी त्याच्या चपलांकडेच बघतो माणूस, तसा.
"दिघीला नवीन मशीन आलंय म्हणे.
तीन झाले की सरासरी निघेल."

मी नको म्हटलं नाही. प्रिंट काढून दिली.
हल्ली तळाशी बारीक अक्षरात सगळं छापतो:
तापमान, दाब, टायरची हवा, गुणक.
कुणी वाचत नाही.
त्यानं वाचलं, बोट ठेवून.
"हे एक पूर्णांक शून्य सहा म्हणजे?"

ऐकू यावं म्हणून मी पंखा बंद केला.
"मोजून झाल्यावर मी केलेली ढवळाढवळ."
"आणि त्यांनी किती केली?"

वाघोलीच्या कागदावर ती ओळच नव्हती.
बोत्रे शेठ चौकोनाला हात लावत नाहीत, भितात;
मी ठेवला तसाच असणार.
खिशातलं पेन काढलं,
त्यांच्या छापील घोड्याच्या पोटाखाली
माझ्या अक्षरात लिहिलं: १.१६.
निनादनं कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे,
विचारलं काहीच नाही.
मोबाइल काढून भागाकार केला, दोन्ही आकड्यांचा.
तिकडे एकशे तेवीस आणि थोडं,
इथे एकशे वीस आणि पाऊण.

अडीच घोडे तरीही उरले.
त्यांचं विचारलं त्यानं, चहा ओतता ओतता,
आता जरा हसत.
ते मात्र मी सोडलेले नाहीत.
ते कुठे गेले
मला खरंच माहीत नाही.