शेवटचा रकाना

पाटणबोरीच्या जिनिंगात, सरकीच्या ढिगाकडं पाठ करून,
मला टेबल दिलं, कॉम्प्युटर दिला
आणि काम दिलं : शब्दांची यादी.
शेठ म्हणाले, केंद्रं तीन, कंपनी एक,
आकडे मात्र भाऊबंदांसारखे,
धुरा एक आणि अबोला.
मागच्या हंगामात एक्केचाळीस गाड्या वहीत होत्या,
आवारात नव्हत्या.
चोर शोधला. दोन वॉचमन बदलले.
चोर नव्हताच. शब्द होता.

गाडी.

मारेगावच्या फाटकावर बबाराव कुमरे
छकडा आला तरी लिहितो गाडी.
घाटंजीत ट्रॅक्टरची ट्रॉली म्हणजे गाडी,
आणि इथं, दहा टनांच्या खाली
कोणी मान वर करून पाहतही नाही.
मी फोन लावला. बबाराव म्हणे,
"चाक असन थे गाडी, बाई.
तुले काऊन पडली?"

रकाने आखले.
शब्द. अर्थ. कुठून आला. कधीपासून.
शेवटचा : कोणाचा.
म्हणजे उद्या वाद झाला तर विचारायचं कोणाला.

'आवक' लिहायला अडीच दिवस गेले.
फाटकातून आत आली की आवक?
काट्यावर चढली की?
की रिकामी होऊन पुन्हा काट्यावर आली, तेव्हा?
सांजेला आलेली गाडी रात्रभर आवारात उभी राहते,
दंव पिते,
सकाळी तिचं वजन वाढलेलं असतं.
ती कालची की आजची?
आणि ते वाढलेलं कोणाचं,
कापसाचं, की कार्तिकाचं?

चहाच्या वेळी रेवंता आली,
ओट्यावर कवडी निवडणारी.
"माहं नाव हाय का तुह्या यादीत?"
म्हटलं, माणसांची नाही, शब्दांची आहे.
"मंग कवडी लिव."
तिनं मूठ उघडली.
"हे कवडी. अन् हे नाही, हे नुसतं ओलं हाय,
वाळलं का पांढरं होते."
मला दोन्ही सारखीच दिसली.
अर्थाच्या रकान्यात ती म्हणाली ते लिहिलं,
शब्दाला शब्द,
आणि शेवटच्या रकान्यात : रेवंता आत्राम.
तिनं पडद्यावरचं नाव बोटानं चाचपलं.
काचेवर रुईचा एक तंतू राहिला,
तो मी दिवसभर पुसला नाही.

मग आला कडता.

आवक म्हणजे एका नावाच्या तीन गोष्टी,
हा तीन नावांची एकच.
इथं कडता, मारेगावात घट, घाटंजीत नमुना :
क्विंटलमागं किलोभर कापूस,
जो आला, दिसला,
आणि लिहिला गेला नाही.
विचारलं, नमुना परत का जात नाही?
मुनीमजी चष्मा पुसत राहिले.
कधीपासून?
"आधीपासून."
कोणाचा?
शेठ दारातूनच बोलले,
"तो शब्द राहू द्या. वापरात नाही तो."
त्या दिवशी तो बावीस वेळा वापरला गेला.
मी मोजला.

यादी आता दोनशे सहा शब्दांची झाली आहे.
छकड्याला छकडा म्हणतात, ट्रॉलीला ट्रॉली,
बबाराव कुरकुरत का होईना, लिहितो.
आकडे एकमेकांकडं पाहू लागलेत,
अजून जेवायला बोलावत नाहीत.

कडत्याच्या ओळीत अर्थ भरलाय, दशांशासकट.
पुढं, शेवटी, पांढरं.
जतन करताना कॉम्प्युटर रोज सांगतो :
हा रकाना भरणं आवश्यक आहे.
रोज मी बोटं टेकवते, आणि उचलते.

बाहेर काट्यावरून कोणी ओरडतं,
"आली गाडी!"
मी खिडकीशी जाऊन पाहते, कोणती.