वाकडा कान

तार्तूत डिसेंबरात साडेतीनलाच अंधार पडतो.
विर्वे तिच्या टेबलाचा दिवा लावते
आणि मी माझा विझवतो,
कारण विजेचं बिल आम्ही निम्मं निम्मं भरतो.
मी पुस्तकं बांधतो, ती चित्रं काढते.
मधे एक कपाट, एक किटली
आणि कुणाची ते अजून न ठरलेली खुर्ची.

सध्या काय, मी विचारतो.
हिरड्या, ती म्हणते.
इंद्रेक डॉक्टरच्या दवाखान्यातल्या भिंतीसाठी:
निरोगी, सुजलेल्या, रक्त येणाऱ्या.
बदल्यात तो तिची मागची दाढ भरून देणार.
त्याआधी आळंब्या होत्या,
खाव्यात त्या डाव्या पानावर, मरावं त्या उजव्या,
आणि छापखान्यात पानं उलटसुलट झालीत
अशी अफवा आली
तेव्हा तीन रात्री तिचा डोळा लागला नाही.

हातावर पोट म्हणतात ते हे.
मनगटाला लोकरीची पट्टी,
पट्टीवर शाईचे डाग,
आणि हात ठणकला
की गोळा पोटात येतो.

तिच्या पाठीमागच्या भिंतीत दोन खिळे आहेत.
एकावर पाठवलेली बिलं,
दुसऱ्यावर पैसे आलेली.
पहिला खिळा खाली झुकलाय.
फोनवर लोक म्हणतात, तुमचं नाव होईल हो यातून.
नाव बाप्तिस्म्यालाच झालं माझं,
ती म्हणते,
पैशाचं बोला.

सप्टेंबरात टाल्लिनच्या एका विमा कंपनीला
ससा हवा होता.
इथे अंधारात चालणाऱ्यानं
कोटाला चमकता तुकडा लटकवायचा, असा कायदा आहे;
नाहीतर गाडीवाल्याला माणूस दिसत नाही,
दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.
कंपनी असे तुकडे फुकट वाटणार होती.
विर्वेनं ससा काढला, एक कान वाकडा.
साहेब म्हणाले, कान सरळ करा,
वाकडा कान अपघात झाल्यासारखा वाटतो
आणि आम्ही विमा विकतो.
सात वेळा बदलला.
सातव्या सशाचे कान इतके सरळ
की जणू त्याला कुणी दटावून उभं केलंय.
पाठवला. बिल नंबर एकेचाळीस.
मग तिकडून काही नाही.
नदीसुद्धा गोठताना थोडी कुरकुरते.

परवा गुरुवारी आम्ही एकदमच निघालो.
पुलावर बर्फ आणि पाऊस यांच्यामधलं काहीतरी पडत होतं.
पुढे एक म्हातारी, हातात बटाट्यांची पिशवी.
मागून गाडी आली
आणि म्हातारीच्या गुडघ्यापाशी
लख्खकन ससा.

विर्वे थांबली.
दुसरी गाडी. पुन्हा ससा.
वाकडा कान.
त्यांनी दुसराच कच्चा मसुदा छापला होता,
दटावण्याआधीचा.

जा, सांग तिला, तुझा आहे म्हणून, मी म्हटलं.
काय सांगू?
बाई, तुमच्या खिशाला लटकतंय
ते माझं नोव्हेंबरचं भाडं आहे?

तरी ती चालत राहिली म्हातारीच्या मागे,
तिचं वळण गेलं, माझंही गेलं.
प्रत्येक गाडीला ससा पेटायचा,
गाडी गेली की नुसता कोट.
एका लाकडी घराचं दार उघडलं, मिटलं.
विर्वे थोडा वेळ त्या दाराकडे बघत उभी,
ओठांत हसत होती
की थंडीनं दात वाजत होते, मला कळलं नाही.

सकाळी मी आलो तर ती पत्र लिहीत होती.
बिल नंबर एकेचाळीस, तिसरी आठवण.
खाली एक ओळ नवी:
मसुदा क्रमांक दोन छापल्याबद्दल
वेगळं बिल, नंबर बेचाळीस, सोबत जोडलं आहे.
कानासाठी सूट नाही.

दोन्ही कागद तिनं पहिल्या खिळ्यावर अडकवले.
ती किटली भरायला गेली तेवढ्यात
मी माझी हातोडी आणून
खिळा सरळ करू लागलो.
तो अर्धाच सरळ झाला.

ती परत आली, बसली,
हिरड्यांकडे वळली.
लाल अजून थोडा हवा, म्हणाली,
सुजलेल्यांना.