दोन्ही चोरांचे हात

बर्मिंगहॅममध्ये, वाइस स्ट्रीटवरच्या आमच्या कारखान्यात
हिंदी सिनेमावाले आले, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात.
त्यांना हवे होते हात.
हिरोचे हात देखणे, पण चिमटा धरला की थरथरायचे.
ट्रेव्हर म्हणाला, मिसेस पोतदारचे घ्या,
एकतीस वर्षांत एक खडा खाली पडलेला नाही.
(एक पडला होता. शहाण्णव साली, माणिक.
मी आणि डेल्रॉयने गुडघ्यांवर बसून शोधला,
कुणाला बोललो नाही.)

तर मी चोर झाले.
सकाळी पहिला चोर: काळे हातमोजे,
मनगटावर डकवलेले केस, जाडजूड घड्याळ.
दुपारी त्याचा वैरी: उघडे हात,
अंगठ्यावर रंगवलेला विंचू,
नखांत मुद्दाम भरलेली काजळी.
दोघं एकाच हिऱ्याच्या मागे.
एकानं तिजोरीतून उचलायचा,
दुसऱ्यानं त्याच्या खिशातून,
आणि खरा कुणाकडे, खोटा कुणाकडे,
हे दिग्दर्शकालाही दुपारच्या चहापर्यंत नक्की नव्हतं.

हिरा काचेचा. हातात घेतल्याबरोबर कळलं.
काच तळहाताशी लगेच कोमट होते,
तोंडाची वाफ धरून बसते.
हिरा कुणाची वाफ ठेवून घेत नाही.
हे मी ओजस नावाच्या पोराला सांगितलं, सहायक होता.
म्हणाला, मॅडम, कॅमेऱ्याला एवढं दिसत नाही.

आमच्याकडे संध्याकाळी हात धुवायचं बेसिन वेगळं.
त्याचं पाणी गटारात जात नाही, पिंपात जातं,
गाळ बसतो, वर्षाकाठी तो वितळवतात:
आमच्या नखांतून, ॲप्रनच्या दुमडीतून
गुपचूप घरी निघालेलं सोनं.
हुपरीत आप्पांच्या आटणीपुढची धूळ
झारेकरी पाट्यांनी विकत न्यायचे.
आप्पा हसायचे. लोक म्हणतात, सोनार आईच्या दागिन्यातलंही काढतो,
आणि आपण तर धूळसुद्धा मोजून देतो.

आईचा साज, एकवीस पानांचा,
तिच्या दिवसांतच दिसेनासा झाला.
मी निघताना प्रमिलानं माझी बॅग उघडली.
त्याआधी मी तिचं कपाट उघडलं होतं.
नऊ वर्षं झाली. साज नाही,
फोनही नाही.

शेवटच्या सीनला घोळ झाला.
हिरा कॅनॉलमध्ये पडतो, दोघे वैरी हसत सुटतात,
पहिला हातमोजा काढतो, आणि हात मिळवतात.
कागदावर तसं होतं.
कॅमेरा जवळ आणला तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं,
दोघांचेही उजवे हात माझेच.
मी डावा पुढे केला.
जवळून बघितलं तर नमस्कार होत होता.
डेल्रॉयला उभं करून पाहिलं,
पॉलिशच्या चाकावर त्याची बोटं केव्हाच चपटी झालेली.
उजेड संपत आला होता, भाड्याचे दिवेही महाग.
सीन कापला.

सिनेमा लागला तेव्हा एकटीच गेले.
मंगळवारचा रात्रीचा खेळ, मोजून अकरा माणसं.
कॅनॉलच्या दोन काठांनी दोन चोर
मान न वळवता चालत गेले, नावं वर सरकू लागली.
त्यात माझं नव्हतं.
मागच्या रांगेत एक बाई नवऱ्याला म्हणाली,
मिटवायला हवं होतं हो यांनी.
उठून सांगावंसं वाटलं,
मिटत आलं होतं,
एक उजवा हात कमी पडला.

घरी आले. हुपरीत पहाटेचे साडेचार,
प्रमिला उठली असेल, बंबात ढलप्या घालत असेल.
नंबर अजून पाठ आहे, बोटांना.
फोन हातात धरून जिन्यातच बसले.
आधी गार होता.
मग हळूहळू कोमट झाला,
शेवटी काचच ती.