नखं

टासिलाकहून कोपनहेगनला रक्त येतं
बर्फाच्या डब्यात, आधी हेलिकॉप्टर, मग विमान.
इथे आम्ही ते उणे ऐंशीत ठेवतो,
निघालं त्या गावाहूनही गार.

कुपीवर नाव नसतं, आकडा असतो.
तरी मला ठाऊक आहे, एकोणीस म्हणजे नुकाका,
वय साडेचार, डोळ्यांचा पांढरा भाग पिकल्या लिंबासारखा,
आणि तिची आई बिबियाने
रोज रात्री तिची नखं कापते.

जेवढी वाढली असतील तेवढी. केसभर असली तरी.
मग सीलच्या कातड्याचे हातमोजे, मनगटाशी पक्की गाठ.
तरी पहाटे चादरीवर ठिपके.

खाज कातडीत नाहीच.
पित्त निघतं यकृताबाहेर
आणि दारातच अडतं,
फ्योर्डच्या तोंडाशी बर्फ दाटून होड्या अडाव्यात तसं.
मागे साचतं, रक्तात उतरतं,
आणि अंग खाजतं तिथे,
जिथे नख पोचत नाही.

नुकाका हे तिच्या मावशीचं नाव.
मावशी सहाव्या वर्षी गेली, खाजवतच.
तिकडे गेलेल्याचं नाव बाळाला देतात,
म्हणजे गेलेलं माणूस घरी येतं.
बिबियाने लेकीला कधी कधी ताई म्हणते,
मग लेकीसारखी दटावते.
नाव परत आलं.
जनुकातलं ते एक चुकीचं अक्षरही आलं,
त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

टोवे राव्नकिल्ड होडी बांधते.
विषाणूची. रोग काढून टाकलेला, नुसतं टरफल.
आत जागा जेमतेम पावणेपाच हजार अक्षरांची.
आमचं जनुक बसतं, पण मग
वल्हं आडवं ठेवायलाही जागा उरत नाही.

उंदरात होडी पोचली.
तेवीस नंबरच्या पिंजऱ्यातला कान खाजवायचा थांबला
आणि चक्क झोपला.
टोवेने दालचिनीचे पाव आणले, सगळ्यांना दोन दोन.

मग तो वाढला.
वाढतं यकृत नवी पेशी करतं, अजून एक, अजून एक,
आणि नव्या पेशींना होडी माहीत नसते.
ताकात पाणी घालत जावं तसं औषध पातळ होत गेलं.
सातव्या आठवड्यात कान पुन्हा लाल.

दुसरी होडी पाठवता येत नाही.
शरीर तिला ओळखतं एव्हाना, किनाऱ्यावरच फोडतं.
एकच फेरी.
लवकर द्यावी, तर मूल तिच्यातून वाढून बाहेर येतं,
थांबावं, तर तोवर यकृताचा दगड.

माझ्या भाषेत काळीज हा एकच शब्द
खाटकाच्या तराजूत एक असतो
आणि आईच्या तोंडी दुसरा.
हे मी टोवेला कधी सांगितलं नाही.
मी पिंजऱ्यांवर तारखा लिहिते, वजनं घेते.

मार्चच्या कागदावर, पित्ताम्लांच्या आकड्यांखाली,
बिबियानेने स्वतःच्या हाताने एक ओळ घातली होती:
दोन बोटं उंच झाली. दाराच्या चौकटीवर खूण केली आहे.
ही चांगली बातमी ना?

टोवेने उत्तर लिहिलं, लांबलचक. पुसलं.
पुन्हा लिहिलं, त्यात आलेख होता. तेही पुसलं.
खिडकीबाहेर सायकली भिजत होत्या.
शेवटी, हो, फार चांगली,
एवढंच गेलं.

मग ती होडीचा नकाशा उलटा धरून बसली.
आता तिला अशी हवी,
जी धक्क्याला नुसती बांधलेली राहणार नाही,
घरातलीच होईल,
पेशी दुभंगली तर दोन्हीकडे असेल.
जमेल का, विचारलं मी.
तिने खांदे उडवले आणि दिवा जवळ ओढला.

आज चोवीस नंबरवर नवी चिठ्ठी लावली.
पिल्लं सहा. वय चार दिवस. वजन अडीच ग्रॅम, एक जरा कमी.
तळहातावर घेऊन भिंगाखाली पाहिलं.
नखं
अजून दिसतसुद्धा नाहीत.