पाच मिनिटांसाठी वैध

रात्री अडीचला तळजाईवर मोर ओरडतात
हे मला मार्चपासून कळलं.
त्याआधी मी झोपायचो.

पांघरुणात, उजेड अगदी बारीक करून, आकडा बघतो:
त्रेसष्ट लाख चाळीस हजार आणि काही.
कूस बदलेपर्यंत एकसष्ट.
पुन्हा बदलली, चौसष्ट.
भोसरीत एकोणीस वर्षं लेथवर काढली,
वीस मायक्रॉन चुकलं तर अख्खा लॉट परत यायचा.
इथे वर्षभराच्या व्हॅनच्या फेऱ्या
एका कुशीवर येतात, एका कुशीवर जातात,
आणि कुणी परत पाठवत नाही.

कंपनी बंद पडली तेव्हा हिशेबाचे जे आले
त्यातले चाळीस हजार.
पवनीकरांचा धाकटा म्हणाला, काका, टाका आणि विसरा.
नाण्याचं नाव कुठल्याशा कुत्र्यावरून होतं.
टाकले. विसरलोही.
त्यानं स्वतःचे तिप्पट होताच विकले, बुलेट घेतली.
हल्ली गाडी लावताना
स्टँडला जरा जास्तच जोरात लाथ मारतो.

नारायण पेठेत टेंभेकरांकडे गेलो.
एका मित्राचा प्रश्न आहे, म्हणालो.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
मित्राला सांगा, तीस टक्के सरकारचे, वर सेस,
आणि पुढच्या वेळी
मित्राचं पॅन कार्ड घेऊन या.

लोभ म्हणावा, तर चहात अर्धा चमचा साखर घेणारा माणूस मी.
भीती म्हणावी, तर सोळा पोरं मागे बसवून
रोज कात्रज चौक ओलांडतो.
तिसरंच काही आहे, त्याला नाव सापडत नाही.
न विकलेल्या पैशांत मी सगळं घेऊन झालंय:
घराचं कर्ज मिटलं,
भोरच्या बाजूला विहिरीसकट दीड एकर,
व्हॅन विकली, मग व्हॅनशिवाय करमेना म्हणून नवी घेतली.
विकले, की यातलं एखादंच खरं होणार.
बाकीचं सगळं
त्याच दिवशी माझ्या हातून जाणार.

आणि उज्ज्वला तीन वर्षं डाव्याच दाढेनं चावते.
उजवीचं रूट कॅनॉल दिवाळीनंतर, मग शाळा सुरू झाल्यावर,
मग नंतर.
ती शेंगदाणे भिजवून खाते आणि म्हणते,
असेच जास्त चांगले लागतात.
मी मान डोलावतो.
तेव्हा खिशात त्रेसष्ट लाख असतात.

आज गुरुवार. पाणी बंद.
सकाळची फेरी संपवून आलो, बूटही काढले नाहीत.
पलंगाच्या कडेवर बसून लिहिलं: निम्मे.
मग निम्म्याचे निम्मे. मग सगळे.
मग पुन्हा निम्मे, आणि बटण दाबलं,
दाबलं म्हणजे, अंगठा पडला.

ओटीपी पाठवला आहे, म्हणाला फोन,
ज्याच्या शेवटी दोन सात आहे त्या नंबरवर.

दोन सात माझा नाही.
त्या वर्षी माझं सिम कंपनीचं होतं,
गेट पासबरोबर जमा केलं.
खातं उघडलं ते हिच्या नंबरवर.
सहा वर्षांत हे एकदाही आठवलं नाही.

स्वयंपाकघरात तिचा फोन वाजला.
पिठाचा हात लांब धरून, कोपरानं सरकवून
ती मोठ्यानं वाचायला लागली,
शेजारच्या मराठ्यांनाही ऐकू जावं असं:
अहो, आठ शून्य चार… कसला हो हा?
कुणालाही सांगू नका म्हणतायत.
पाच मिनिटांसाठी वैध.
फ्रॉड असणार. खोडू का?

खोडू नकोस, म्हणालो.
पॅसेज आमचा सहा पावलांचा,
मला त्यातच एक मिनिट गेलं.
ओट्याशी उभा राहिलो, बुटांसकट.
तिनं बूट पाहिले, मग तोंड पाहिलं.
गॅस बंद कर, म्हणालो,
चाळीस हजारांपासून सांगावं लागेल.

तिनं गॅस बारीक केला.
बंद नाही.
तव्यावर भाकरी होती.